पुलीवरची खाच : मोटारीच्या ठिणगीचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
कार्ब्युरेटरच्या काळातील मोटारीचे बॉनेट उघडून क्रँकशाफ्टच्या टोकावरची पुली बारकाईने पाहिली, तर तिच्या कडेवर एक लहानशी खाच आढळते. तिच्यासमोर इंजिनाच्या झाकणावर धातूचा एक काटा किंवा अंशांच्या दोन-चार रेघा असतात. तेल आणि धुळीच्या थराखाली हे सारे बहुधा लपलेले असते. गॅरेजच्या भाषेत या खाचेला ‘टायमिंग मार्क’ म्हणतात. इंजिनाच्या पहिल्या सिलिंडरात ठिणगी नेमकी केव्हा पडावी, हे ती सांगते. ती कोणी ठरवली, कशासाठी ठरवली आणि काळानुसार ती का सरकत गेली, याचा हा इतिहास आहे.

२/
प्रथम क्षणाचे महत्त्व. पेट्रोल इंजिनात दट्ट्या वर येताना हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबतो, ठिणगी ते पेटवते आणि जळत्या वायूचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. परंतु मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत पसरायला दोन-एक मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका मिलिसेकंदात क्रँकशाफ्ट १८ अंश फिरतो. म्हणून दट्ट्या शिरोबिंदूला, म्हणजे मेकॅनिकच्या ‘टी.डी.सी.’ला पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. यालाच ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात.

३/
ठिणगी फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या दट्ट्याला जळता वायू उलट दाबतो. राहिलेले मिश्रण अतिदाबाने आपोआप पेटते आणि इंजिनातून धातूवर हातोडी मारल्यासारखा ठोका ऐकू येतो. दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत हानी होऊ शकते. ठिणगी फार उशिरा पडली, तर दट्ट्या खाली निघून गेल्यावर आग लागते. शक्ती वाया जाते, पेट्रोल जास्त लागते आणि इंजिन तापते. या दोन टोकांमध्ये योग्य जागा अवघ्या काही अंशांची असते. पुलीवरची खाच ती जागा दाखवते.

४/
१८७६ मध्ये निकोलाउस ओटोने चार फेऱ्यांचे इंजिन यशस्वी केले, तेव्हा प्रज्वलनासाठी त्याने सरकत्या झडपेआड धगधगणारी ज्योत वापरली. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी तप्त नळीची युक्ती काढली. बर्नरने बाहेरून लाल केलेली नळी सिलिंडरात उघडत असे आणि दाबलेले मिश्रण तिच्यात शिरले की पेटे. यात क्षण निवडण्याची सोय जवळजवळ नव्हती. जानेवारी १८८६ मध्ये आपल्या मोटारगाडीचे पेटंट मागणाऱ्या कार्ल बेन्झने विजेची ठिणगी निवडली आणि प्रज्वलनालाच सर्व अडचणींतील मुख्य अडचण मानले. मोटारचालकासाठी रूढ झालेला ‘शोफर’ हा फ्रेंच शब्द मुळात भट्टी तापवणाऱ्या माणसाचा आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे.

५/
विश्वासार्ह ठिणगी मिळाली ती श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कार्यशाळेतून. १८८७ मध्ये त्याने एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला. १८९७ मध्ये तो एका तीनचाकी वाहनाला बसवला गेला. १९०२ मध्ये बॉशचा सहकारी गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली. आता ठिणगी हवी तेव्हा पाडता येऊ लागली. साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला : ‘हवी तेव्हा’ म्हणजे केव्हा, आणि ते ठरवायचे कोणी?

६/
आरंभी उत्तर सरळ होते : चालकाने. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी संख्येने बनलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत स्टीअरिंगच्या उजवीकडे वेगाची दांडी असे, तर डावीकडे ठिणगीची. गाडी सुरू करताना ठिणगी उशिरा पडेल अशी दांडी ठेवायची आणि वेग वाढेल तशी ती खाली ओढून ठिणगी लवकर आणायची. चढावर इंजिन ठोके देऊ लागले की पुन्हा मागे घ्यायची. यासाठी अंशांची पट्टी नव्हती. चालकाचा कान हेच मापनयंत्र होते.

७/
या दांडीकडे दुर्लक्ष झाले, तर किंमत हाडांनी मोजावी लागे. त्या काळी इंजिन पुढून हँडल मारून सुरू होई. ठिणगी लवकर पडणाऱ्या स्थितीत दांडी राहिली असेल, तर पहिल्याच स्फोटाला इंजिन उलटे फिरे आणि लोखंडी हँडल मनगटावर आदळे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला वैद्यकशास्त्रात आजही ‘शोफरचा अस्थिभंग’ असे नाव आहे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल खाली ढकलण्याऐवजी वर ओढावे, ही जुन्या चालकांची शिकवण याच अपघातांतून आली. इंजिनाचे टायमिंग तेव्हा देहाशी असे थेट जोडलेले होते.

८/
हे चित्र बदलण्यात ओहायो राज्यातील डेटन शहराच्या चार्ल्स केटरिंगचा वाटा मोठा. त्याच्या ‘डेटन एंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ने कॅडिलॅकच्या १९१० च्या गाड्यांसाठी बॅटरीवर चालणारी प्रज्वलन-यंत्रणा आणि १९१२ च्या गाड्यांसाठी विजेचा स्टार्टर दिला. कंपनीच्या नावातील आद्याक्षरांचे ‘डेल्को’ झाले. भारतातील अनेक गॅरेजांमध्ये डिस्ट्रिब्युटरला आजही सर्रास ‘डेल्को’ म्हटले जाते. डेटनच्या त्या कार्यशाळेचे नाव असे सुट्या भागाचे सामान्यनाम होऊन आपल्या बोलीत स्थिरावले.

९/
केटरिंगच्या पद्धतीचे मर्म साधे आहे. डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावरचा चौकोनी कॅम दोन संपर्कबिंदू उघडतो-मिटवतो. हेच मेकॅनिकांचे ‘सीबी पॉइंट’. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये वीज साठते आणि ते उघडताच उच्च दाबाची वीज रोटरमार्गे त्या-त्या प्लगपर्यंत जाते. म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण. डिस्ट्रिब्युटर थोडा एका बाजूला फिरवला की ठिणगी लवकर पडते, दुसऱ्या बाजूला फिरवला की उशिरा. टायमिंग बदलणे म्हणजे एक नट सैल करून हे भांडे अंगुळभर हलवणे, एवढेच.

१०/
चालकाच्या हातातील दांडी हळूहळू लोप पावली. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात स्प्रिंगला बांधलेली दोन वजने आली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जात आणि ठिणगी आपोआप लवकर पाडत. पुढे इनलेटमधील निर्वातावर चालणारा पडदा जोडला गेला, कारण हलक्या भाराखाली विरळ मिश्रण सावकाश जळते आणि त्याला अधिक आगाऊ ठिणगी लागते. फोर्डच्या १९२८ ते १९३१ मधील मॉडेल ए गाडीला ही दांडी होती. १९३२ च्या व्ही-८ मध्ये तिची जागा स्वयंचलित यंत्रणेने घेतली.

११/
पुलीवरच्या खाचेला महत्त्व आले ते या टप्प्यावर. वजने आणि पडदा फरक सांभाळत, पण तो कोणत्या मूळ बिंदूपासून मोजायचा, हे एकदा हाताने ठरवून द्यावे लागे. तो बिंदू कारखान्याने धातूवर कोरला. सुरुवातीस पुष्कळ गाड्यांत तो फ्लायव्हीलवर असे आणि घरातील लहान खिडकीतून पाहावा लागे. पुढे तो पुढच्या पुलीवर आला. इंजिनात आणखीही खुणा असतात. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्या दातेरी चाकांवरील ठिपके झडपांची वेळ जुळवतात आणि साखळी किंवा पट्टा बदलतानाच त्यांचा संबंध येतो. येथे विषय आहे तो ठिणगीच्या खुणेचा.

१२/
आता या इतिहासातील अंधारे पान. केटरिंगच्या बॅटरी-प्रज्वलनाच्या गाड्या ठोके देतात, अशी तक्रार होऊ लागली. दोष ठिणगीचा की पेट्रोलचा, हे शोधण्याचे काम त्याने १९१६ मध्ये थॉमस मिजली या तरुण अभियंत्याकडे सोपवले. दोष इंधनाचा निघाला. ठोका थांबवण्याचा एक मार्ग ठिणगी उशिरा पाडण्याचा होता, पण त्यात शक्ती जाई. दुसरा मार्ग इंजिनातील दाब कमी ठेवण्याचा, त्यातही तोटा तोच. तिसरा मार्ग इंधन बदलण्याचा. अल्कोहोल मिसळल्याने ठोका थांबतो, हे या संशोधकांना ठाऊक होते.

१३/
९ डिसेंबर १९२१ रोजी मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांना टेट्राएथिल लेड हे संयुग सापडले. शिशाच्या या संयुगाचा अत्यल्प अंश मिसळला तरी ठोका नाहीसा होई. शिवाय त्याचे पेटंट घेता येत होते, अल्कोहोलचे नव्हते. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर शिसेयुक्त पेट्रोल विक्रीस आले. शिसे विषारी आहे, हे मात्र नवे ज्ञान नव्हते. त्याच वर्षाच्या आरंभी स्वतः मिजलीला शिशाच्या बाधेमुळे विश्रांतीसाठी रजा घ्यावी लागली होती.

१४/
ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग हाताळणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. पाच जण दगावले आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर पत्रकारांसमोर मिजलीने ते द्रव्य हातांवर घेऊन निर्धोकपणाचे प्रात्यक्षिक केले. मे १९२५ च्या सरकारी परिषदेत हार्वर्डच्या अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी शिशाला ठाम विरोध केला. काही महिने विक्री थांबली. १९२६ मध्ये समितीने बंदीस पुरेसा आधार नाही असे म्हटले आणि विक्री पुन्हा सुरू झाली. ठिणगीच्या वेळेचा तिढा असा रसायनाने सोडवला गेला, आणि त्याची किंमत मोटारीत न बसणाऱ्यांनीही श्वासावाटे मोजली.

१५/
इंधनाची ठोका सहन करण्याची शक्ती मोजायला १९२६-२७ च्या सुमारास ग्रॅहम एडगर यांनी ऑक्टेनची मोजपट्टी दिली. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० गुण. शुद्ध हेप्टेन तेव्हा कॅलिफोर्नियातील जेफ्री पाइन या वृक्षाच्या राळेपासून मिळे. ऑक्टेन जितका अधिक, तितका दाब आणि तितकी आगाऊ ठिणगी इंजिन पेलू शकते. म्हणून पुलीवरची खाच ही एका विशिष्ट प्रतीच्या पेट्रोलसाठीच खरी असते. पेट्रोल बदलले की खुणेचा अर्थ बदलतो.

१६/
खूण तपासण्याचे काम कारखान्यातून घरच्या अंगणात आले ते युद्धोत्तर काळात, आणि त्याला पुस्तकांनी बळ दिले. इंग्लंडमध्ये जॉन हेन्झ यांची गाडी सुटी करून जोडत-जोडत लिहिलेली दुरुस्ती-पुस्तके १९६६ पासून निघू लागली. अमेरिकेत जॉन म्यूर या अभियंत्याने १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या देखभालीवर नवशिक्यांसाठी पुस्तक काढले. गाडी बनवणाऱ्यांकडे असलेले ज्ञान ती वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचवणारी ही चळवळच होती. एक खूण, एक पाना आणि एक बल्ब एवढ्यावर सामान्य माणूस आपल्या यंत्राचा खरा मालक होऊ शकत होता.

१७/
बल्बची रीत अशी. प्लग काढून पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरायचा आणि इंजिन हाताने फिरवायचे. अंगठ्याला दाब जाणवला की दट्ट्या संपीडनाच्या फेरीवर आहे. ही खात्री आवश्यक असते, कारण चार फेऱ्यांच्या चक्रात दट्ट्या दोनदा शिरोबिंदूला येतो आणि ठिणगी एकदाच हवी असते. मग पुली नेहमीच्या दिशेनेच फिरवून खूण काट्यासमोर आणायची. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या तारेचे टोक आणि इंजिनाची बॉडी यांच्यामध्ये १२ व्होल्टचा बल्ब जोडायचा आणि चावी फिरवायची. डिस्ट्रिब्युटर हळूच वळवताना पॉइंट उघडताक्षणी बल्ब लागतो. तिथेच नट आवळायचा. यापूर्वी पॉइंटमधली फट, सामान्यतः ०.४ मिलिमीटरच्या आसपास, जुळवलेली असावी लागते. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते.

१८/
चालत्या इंजिनाची खूण डोळ्यांना दिसत नाही. ती दाखवणाऱ्या दिव्याचे तत्त्व जुने आहे. फिरत्या वस्तूकडे ठरावीक अंतराने क्षणभरच पाहिले, तर ती थांबलेली भासते, हे १८३२ मध्ये बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो आणि ऑस्ट्रियाच्या सिमोन श्टांफर यांनी स्वतंत्रपणे दाखवले होते. १९३१ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या मोटरी अभ्यासण्यासाठी विजेवर चमकणारा प्रखर स्ट्रोब सिद्ध केला. गॅरेजमधील टायमिंग लाइट त्याच कुळातला. जुन्या निऑनच्या दिव्याचा तांबूस उजेड फिका असे आणि काम अंधारात करावे लागे. झेनॉनच्या दिव्याचा पांढरा झोत दिवसाही दिसतो.

१९/
हा दिवा पहिल्या प्लगच्या तारेला जोडतात. त्या प्लगला ठिणगी मिळाली की दिवा चमकतो. ९०० फेऱ्यांवर तो सेकंदाला साडेसात वेळा चमकतो आणि फिरती पुली जणू गोठल्यासारखी दिसते. खुणेवर आधी खडूची पांढरी रेघ ओढून ठेवलेली असते. निर्वाताची नळी काढून तिचे तोंड बंद करतात, इंजिन मंद गतीवर ठेवतात आणि रेघ काट्यासमोर कोठे येते ते पाहतात. वेग वाढवला की रेघ आगाऊ बाजूला सरकली पाहिजे. ती जागची हलली नाही, तर डिस्ट्रिब्युटरमधील वजने अडकलेली आहेत असे समजावे. रेघ थरथरत राहिली, तर दांडा किंवा साखळी झिजलेली असण्याचा संभव असतो.

२०/
या दिव्याचा एक धोका प्रत्येक जुन्या पुस्तकात ठळकपणे दिलेला असे. त्याच्या उजेडात पुलीप्रमाणेच पंख्याची पातीही जवळजवळ स्थिर दिसतात, पण ती स्थिर नसतात. डिस्ट्रिब्युटर वळवायला पुढे गेलेला हात, दिव्याची लोंबती तार किंवा सैल बाही पंख्यात अडकू शकते. मॉडेल टीच्या हँडलने मनगट मोडे. दिव्याच्या काळात बोटे धोक्यात आली ती डोळ्यांना झालेल्या भासामुळे.

२१/
दरम्यान खुणेची जागा ठरवण्यात एक नवा घटक आला : कायदा. साठच्या दशकात कॅलिफोर्निया आणि नंतर सारी अमेरिका मोटारींच्या धुरावर मर्यादा घालू लागली. १९७० चा स्वच्छ हवा कायदा सर्वांत कडक होता. ठिणगी उशिरा पाडली की ज्वलनाचे कमाल तापमान घटते, नायट्रोजनची ऑक्साइडे कमी होतात आणि तप्त धुरात उरलेले इंधनही जळते. फोक्सवॅगन बीटलच्या पुलीवर हा बदल वाचता येतो. जुन्या बीटलला खूण शिरोबिंदूच्या साडेसात अंश आधी होती. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही बीटलांत ती शून्यावर आली. १९७१ नंतरच्या काहींत ती शिरोबिंदूच्या चक्क ५ अंश नंतर गेली. इंजिन तेच, पण संसदेचा कायदा धातूवर उमटला होता.

२२/
शिशाचा शेवटही याच कायद्याच्या वाटेने झाला. पृथ्वीचे वय ठरवणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना आपल्या नमुन्यांत सर्वत्र शिशाची भेसळ आढळत असे. तिचा माग काढत १९६५ मध्ये त्यांनी वातावरणातील शिसे मनुष्यनिर्मित असल्याचे मांडले. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र शिशाने निकामी होते, म्हणून १९७५ पासून अमेरिकेत शिसेविरहित पेट्रोल अपरिहार्य झाले. भारतात चार महानगरांत ते १९९५ मध्ये आले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगात शेवटी, जुलै २०२१ मध्ये, अल्जीरियाने ते थांबवले. पहिल्या विक्रीपासून ९८ वर्षांनी.

२३/
या खुणेचा महाराष्ट्राशीही जिव्हाळ्याचा संबंध आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिची ‘पद्मिनी’ झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे, डेल्को आणि सीबी पॉइंटवर चालणारे हे इंजिन मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा प्राण होते. परवान्यांच्या राज्यात नवी गाडी मिळायला वर्षे लागत, म्हणून असलेली टिकवणे ही गरज होती. इंधनाचा खर्च टॅक्सीवाल्याच्या मिळकतीतून जाई. त्यामुळे दोन-तीन अंशांची चूक म्हणजे रोजची कमाई घटणे. पदपथावर बसणारे मेकॅनिक दिव्यावाचूनही कानाने टायमिंग लावत : चढावर किंचित ठोका येईपर्यंत पुढे, मग केसभर मागे. मॉडेल टीच्या चालकाची विद्या अशी मुंबईत जिवंत राहिली.

२४/
त्याच टॅक्सींना पुढे सीएनजी बसला. हा वायू पेट्रोलहून सावकाश जळतो आणि त्याचा ऑक्टेन खूपच जास्त असतो. त्यामुळे टायमिंग काही अंश आगाऊ करावे लागे. कारखान्याने पेट्रोलसाठी कोरलेली खूण त्या दिवसापासून जुन्या काळाची नोंद ठरली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून बाद झाली.

२५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या खुणेकडून शिकण्यासारखे आणखी एक आहे : खूण खोटेही बोलते. अनेक गाड्यांत पुलीची बाहेरची कडी आणि आतला तुंबा यांच्यामध्ये कंप शोषण्यासाठी रबर असते. तीस-चाळीस वर्षांत ते रबर सुकते आणि कडी आपल्या जागेवरून हळूहळू घसरते. वरून सारे शाबूत दिसते, पण खाच काही अंश सरकलेली असते. कधी दुसऱ्याच इंजिनाची पुली बसवलेली असते, तर कधी झाकण बदललेले. अशा खुणेवर विसंबून केलेले टायमिंग अचूक दिसते आणि इंजिन मात्र ठोके देते.

२६/
मग खरा शिरोबिंदू शोधायचा कसा? दट्ट्या शिखरावर असताना क्रँकशाफ्ट काही अंश फिरला तरी तो जवळजवळ हलत नाही. त्यामुळे नुसत्या अंदाजाने शिखर सापडत नाही. म्हणून बॅटरी सोडवून सर्व प्लग काढतात आणि पहिल्या सिलिंडरच्या भोकात दट्ट्याला शिखराच्या आधीच अडवणारा एक बोल्ट बसवतात. पुली हाताने हलकेच एका दिशेने फिरवून दट्ट्या अडेल तिथे काट्यासमोर खूण करतात. मग उलट दिशेने फिरवून पुन्हा अडेल तिथे दुसरी खूण. दोहोंच्या बरोबर मधला बिंदू हाच खरा शिरोबिंदू. कारखान्याची खाच त्याच्याशी जुळली तर ती विश्वासार्ह, नाही तर नवी रेघ ओढायची. परस्परविरुद्ध बाजूंच्या दोन साक्षी घेऊन लेखी पुरावा पारखणे, ही इतिहासाचीच पद्धत आहे.

२७/
सत्तरच्या दशकात पॉइंटची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. १९७९ मध्ये बॉशच्या ‘मोट्रोनिक’ संचाने बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत ठिणगी आणि इंधन दोन्ही संगणकाच्या हाती दिले. ठोका ऐकण्याचे कामही पुढे इंजिनाला चिकटवलेल्या संवेदकाकडे गेले. आजच्या अनेक इंजिनांत क्रँकशाफ्टवर साठ दातांच्या जागा असलेले चाक असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की संगणकाला क्रँकशाफ्टची स्थिती कळते. जुन्या खाचेची ती वंशज आहे, पण ती माणसाच्या डोळ्यांसाठी नाही.

२८/
ठिणगीचा क्षण ठरवण्याचा अधिकार असा चालकाच्या मनगटाकडून डिस्ट्रिब्युटरमधील वजनांकडे, रसायनाकडे, कायद्याकडे आणि शेवटी संगणकाकडे गेला. त्या प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी किंमत मोजली : हँडल मारणाऱ्याने, बेवेच्या कामगाराने, शिसे श्वासात घेणाऱ्या मुलांनी. पुलीवरची खाच म्हणजे त्या-त्या वर्षी इंधन, यंत्र आणि समाज यांच्यात झालेल्या तडजोडीची नोंद होय. घरी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर तिच्या पुलीवरची धूळ पुसावी, खाच शोधावी आणि तिच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी ती पारखून घ्यावी.